कुसळाचं गिरमिट

जून लागला की पेपरात तो फोटो येतोच: खड्डा, हातात रोप धरलेले पाहुणे, मागे बोडका माळ. खाली 'पडीक जमीन हिरवी होणार'. २०१९ साली राज्याने तेहतीस कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. गवत लावायची मोहीम कधी ऐकलीय?

पुणे-सोलापूर पट्ट्यातला माळ म्हणजे तोडलेलं जंगल नव्हे. पर्जन्यछायेतला, मुरमावरच्या वीतभर मातीचा हा सवाना, म्हणजे विरळ झाडांचं गवताळ रान आहे. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी ही इथली मूळ गवतं. मधूनच एखादं हिवर किंवा बोर. माळढोक आणि लांडगा याच उघड्या रानाचे. इथे गिरिपुष्पाची झाडं दाट लावली की सावलीत गवत मरतं, आणि यंत्राने चर खणले की असलेली मातीही मुरमाखाली जाते.

आता माझी लाडकी गोष्ट. धोतराला रुतलेलं कुसळ आपण शिव्या देत उपटतो. ते कुसळीचं बी असतं. टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले केस, शेपटीला लांब, पीळ घातलेला काटा. घरी एक कुसळ ओल्या तळहातावर ठेवा, वळवळायला लागेल. त्यात कसली 'ऊर्जा' वगैरे नाही. काट्याच्या पेशी मेलेल्या असतात. त्यांच्या भिंतीत सेल्युलोजचे तंतू तिरके, मळसूत्रासारखे गुंडाळलेले असतात. भिंत पाणी प्यायली की तंतूंच्या लांबीत फुगत नाही, आडवी फुगते, म्हणून पीळ सुटतो. वाळली की पुन्हा बसतो. काट्याचं वाकडं टोक खड्याला किंवा काडीला अडलं, तर काट्याऐवजी बीच फिरतं. केस मागे येऊ देत नाहीत. दवाने भिजणं, उन्हाने वाळणं, असं दिवसामागून दिवस होत बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. उन्हाळ्यात माळ पेटला तरी थोड्या खोलीवर माती फारशी तापत नाही, म्हणून बी वाचतं. १८७६ मध्ये फ्रान्सिस डार्विनने, म्हणजे चार्ल्सच्या मुलाने, दुसऱ्या एका गवतात हीच करामत उलगडली होती.

माळ परत आणताना मात्र हाच काटा आडवा येतो. बिया एकमेकींत गुंततात, पेरणीयंत्रातून सुटत नाहीत. काटे काढले तर पेरणी सोपी, पण गिरमिट गेलं! त्यापेक्षा पिकल्या बियांसकट गवत कापून तेच उघड्या जमिनीवर पसरावं. बी जवळच्याच चांगल्या माळावरचं घ्यावं. ताजं बी काही महिने सुप्त असतं, तेव्हा उगवलं नाही म्हणून लगेच हात टेकू नयेत. आणि चराई काही काळ थांबवायला हवी. धनगरांशी बोलून, तारेचं कुंपण घालून नव्हे.

नुसती कुसळी लावूनही भागत नाही. मारवेल-पवन्याचं रान जास्त चरलं गेलं की तिचं राज्य येतं, म्हणजे ती चांगला माळ आणि उजाड माळ यांच्या मधली पायरी. शिवाय फुलोऱ्यानंतर ती मेंढ्यांच्या लोकरीतून थेट कातड्यात घुसते. मेंढपाळाला विचाराल तर तो आधी मारवेलच मागेल.