पार्श्वभूमी: तंत्रशिक्षकांचं ऑनलाइन प्रशिक्षण आणि आठवड्यांचा हिशोब

मराठवाड्यात तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्याच्या पदोन्नतीच्या फाइलमध्ये आज ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं हटकून सापडतात. आयटीआयमध्ये कारागिरी शिकवणाऱ्या निदेशकाकडेही ती असतात, पण त्याच्या प्रमाणपत्रांना कुणी फारसं विचारत नाही. हा फरक कुठून आला, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

जुना भाग थोडक्यात. कारागीर घडवणाऱ्या निदेशकांसाठी देशातली पहिली केंद्रीय संस्था १९४८ मध्ये बिलासपूरजवळ कोनी इथं निघाली. आयटीआयची मूळ योजना १९५० ची. पुढं मुंबईतही निदेशकांची संस्था आली आणि ‘सीटीआय झालंय का?’, म्हणजे निदेशकाचं प्रशिक्षण झालंय का, हा प्रश्न निदेशकाच्या नेमणुकीत ठरलेला होऊन बसला. तंत्रनिकेतनांच्या अध्यापकांसाठी साठच्या दशकात चार प्रादेशिक संस्था उभ्या राहिल्या. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला भोपाळ आलं.

म्हणजे शिकवायला शिकायचं तर मुंबई नाहीतर भोपाळ. नव्वदच्या दशकापर्यंत मनमाडच्या पुढं मराठवाड्यात मीटरगेज होती. ब्रॉडगेज झाल्यावर नांदेड, परभणी, जालना, औरंगाबादकरांना सचखंड एक्सप्रेसनं थेट भोपाळ गाठता येऊ लागलं. बीड शहरात मात्र अगदी अलीकडेपर्यंत रेल्वेच नव्हती. तरी खरी अडचण अंतराची नव्हती, कार्यमुक्त होण्याची होती. आयटीआयमध्ये एका तुकडीमागं एक निदेशक असतो. तो महिनोन्‌महिने गेला की त्या व्यवसायाची कार्यशाळा ओस पडते. त्यात जागा रिक्त, त्यामुळे प्राचार्य सोडायला तयार नसत, आणि त्यांचंही चूक म्हणता येत नाही. घरी लहान मुलं असलेल्या शिक्षिकांची नावं यादीत येत आणि गळून जात. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तर पाठवायची सोयच नव्हती. तो गेला तर तास बुडणार, आणि तास बुडाले तर मानधनही बुडणार.

अशा ठिकाणी दूरस्थ प्रशिक्षणाचं महत्त्व शहरातल्या माणसाला वाटतं त्याहून फार मोठं होतं. २००३ मध्ये आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं ध्वनिचित्रमुद्रित करणारा एनपीटीईएल प्रकल्प सुरू झाला. २००४ मध्ये शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह गेला. पण ग्रामीण मराठवाड्यात ती भारनियमनाची वर्षं होती. तासन्‌तास वीज नसलेल्या गावात व्हिडिओ पाहून शिकणं कागदावरच राहिलं. खरा बदल झाला तो फेब्रुवारी २००९ मध्ये माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय मिशन सुरू झाल्यावर.

त्या मिशनच्या पैशातून आयआयटी मुंबईनं शिक्षकांसाठी घेतलेल्या कार्यशाळा हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत चांगला भाग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांची रचना अशी होती: व्याख्यान मुंबईहून थेट, पण शिक्षक एकेकटे घरी नव्हेत, तर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या केंद्रात एकत्र बसलेले. प्रयोगशाळेतलं काम त्याच केंद्रात, स्थानिक समन्वयकाच्या देखरेखीखाली. हे समन्वयक आधी मुंबईला जाऊन तयार होऊन आलेले असत. प्रश्न विचारायचा तर केंद्राची पाळी येई, माइक फिरे आणि उत्तर सगळ्या देशाला ऐकू जाई. मराठवाड्यातही अशी केंद्रं होती. भोपाळ गाठण्याऐवजी जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा शेजारच्या जिल्ह्यात दोन आठवडे जाणं जमण्यासारखं होतं. शिवाय शेजारी बसलेला माणूसही तोच विषय शिकवणारा असे, ही त्यातली मोठी कमाई. त्याच काळात आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियलमधून मराठी आवाजातले संगणकाचे धडे आले. पडद्यावर इंग्रजी आणि कानावर मराठी, ही जोडणी तंत्रनिकेतनातल्या शिक्षकाला आपल्या वर्गात जशीच्या तशी वापरता येत होती.

जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारचं ‘स्वयं’ हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ सुरू झालं आणि केंद्रात एकत्र बसण्याची गरज संपली. तंत्रशिक्षणाच्या नियामक परिषदेनं (एआयसीटीई) नव्या अध्यापकांसाठी आठ मॉड्यूलचं प्रशिक्षण आखलं. त्यात अभ्यासक्रमाची ओळख, व्यावसायिक नीतिमूल्यं, पाठनियोजन, मूल्यमापन, संस्थेचा कारभार असं सगळं होतं. मूळ आराखड्यात मॉड्यूलनंतर अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली काम आणि उद्योगातलं प्रशिक्षण हे टप्पेही होते.

मग परिषदेचे १ मार्च २०१९ चे वेतन आणि पदोन्नतीचे नियम आले. पुढच्या वेतनस्तरासाठी एफडीपी (अध्यापकांसाठीचं अल्पकालीन प्रशिक्षण), उद्योगातलं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रासह ‘मूक’ (MOOC), म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन कोर्स अशा अटी त्यात होत्या. तोवर ऑनलाइन कोर्स ज्याला हवा तो करी, आता तो पगाराशी बांधला गेला. पगाराशी बांधला म्हटल्यावर मोजमाप आलं आणि वादही तिथंच सुरू झाला. परिषदेच्या हिशोबात एनपीटीईएलचा आठ आठवड्यांचा कोर्स एक आठवड्याच्या एफडीपीबरोबर धरला जातो, बारा आठवड्यांचा दीड आठवड्याबरोबर.

या हिशोबामागं तर्क आहे. आठ आठवड्यांच्या कोर्सची व्याख्यानं साधारण वीस तासांची, बारा आठवड्यांची तीस. दिवसभर चालणाऱ्या आठवड्याच्या एफडीपीत तासांची बेरीज याच घरात जाते. पण मोजले ते व्याख्यानांचे तास. एनपीटीईएलच्या कोर्सला दर आठवड्याला स्वाध्याय असतो, गुणांत त्याचा वाटा २५ टक्के. उरलेल्या ७५ टक्क्यांसाठी नेमून दिलेल्या केंद्रावर जाऊन पर्यवेक्षकासमोर परीक्षा द्यावी लागते. ही तयारी शिक्षक तास संपल्यावर रात्री करतो, आणि ती हिशोबात कुठंच नाही. दुसरीकडं पाच-सहा दिवसांच्या ऑनलाइन एफडीपीला ठरावीक उपस्थिती भरली आणि शेवटच्या चाचणीत किमान गुण मिळाले की आठवडा पुरा. दोन महिने खपलेला आणि पाच दिवस लॉगिन केलेला एकाच रांगेत बसला.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आठवडाभराच्या ऑनलाइन एफडीपींचा पूर आला. परिषदेच्या होत्याच, महाविद्यालयांनीही आपापल्या सुरू केल्या. परभणीतल्या माणसाला सकाळी चेन्नईची आणि दुपारी जयपूरची एफडीपी ऐकता येऊ लागली. ज्यांना वर्षानुवर्षं कुठं जाता आलं नव्हतं, त्यांना याचा खरोखर फायदा झाला. विशेषतः शिक्षिकांना आणि तासिकेवरच्या शिक्षकांना. हे नाकारणं अन्यायाचं होईल. पण एफडीपीचे आठवडे भरायला लांब कोर्स करण्याचं कारण उरलं नाही. मार्गदर्शक आणि उद्योग हे मूळ आराखड्यातले दोन टप्पे तर बोलण्यातूनही मागं पडले. खरं तर वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याचे कारखाने जवळ असलेल्या शिक्षकाला उद्योगातला आठवडा पाच दिवसांच्या वेबिनारपेक्षा किती तरी अधिक देऊन जातो. ज्याच्या जवळ असे कारखाने नाहीत, त्या हिंगोलीच्या शिक्षकाला तर तो त्याहून गरजेचा आहे.

आयटीआयचा निदेशक या चौकटीत कधीच नव्हता. त्याची संस्था कौशल्य विकासाच्या खात्याखाली, त्याची पात्रता सीटीआयची. ती एक वर्षाची, निम्म्याहून जास्त हातानं करायची. त्याच्यासाठी २०१९ मध्ये भारतस्किल्स हे पोर्टल आलं. त्यावर व्यवसायवार अभ्यासक्रम, प्रश्नपेढ्या आणि व्हिडिओ आहेत. पण फाइलिंगमध्ये, म्हणजे कानशीनं धातू घासताना, हात कुठं दाबायचा, वेल्डिंग करताना आर्कच्या आवाजावरून काय ओळखायचं, हे पडद्यावर अर्धंच कळतं. करोनाकाळात सीटीआयचे थिअरीचे वर्ग ऑनलाइन झाले. प्रात्यक्षिकाला मशिनपाशीच यावं लागलं. त्याच महिन्यांत निदेशकांनी लेथवरचं काम मोबाइलवर चित्रित करून मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. दूरस्थ शिकवण्याचा हा अस्सल अनुभव होता, मात्र कुठल्याही तक्त्यात त्याला रकाना नाही.

२०२१-२२ पासून राज्यातल्या पदविका अभ्यासक्रमांत मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिकवणं आणि उत्तरं लिहिणं सुरू झालं. गंगाखेड, अंबाजोगाई, उदगीरकडून येणाऱ्या मुलांसाठी हा निर्णय फार मोलाचा आहे. नव्या अध्यापकांची आठ मॉड्यूल मात्र इंग्रजीतच आहेत. ताण, प्रतिबल, विकृती हे मराठीतून फळ्यावर कसं मांडायचं, उत्तरपत्रिकेत दोन भाषांची सरमिसळ असेल तर गुण कसे द्यायचे, याचं उत्तर त्यांत मिळत नाही. ते शिक्षक आपसात विचारून शोधत आहेत.