दिल्लीचा नगर कला आयोग म्हणजे हेरिटेज कमिटी नव्हे

हेरिटेज कमिटी, म्हणजे वारसा यादीतल्या वास्तूंमध्ये बदल करू द्यावा का हे पाहणारी समिती, मुंबईकराला समजावून सांगायला नको. १९९५च्या नियमावलीपासून ‘ग्रेड वन’, ‘ग्रेड टू’ ही वारसा वास्तूंच्या श्रेणींची नावं फोर्टातल्या भाडेकरूंच्याही तोंडी आहेत. दिल्लीतही बांधकाम उपविधींखाली अशी वारसा संवर्धन समिती आहे. घोळ होतो तो दिल्ली नगर कला आयोगाचा, म्हणजे ठरावीक जागांवरच्या आणि ठरावीक प्रकारच्या बांधकामांचं रूप तपासणाऱ्या संस्थेचा. नावातल्या ‘कला’मुळे कुणी त्याला पुतळे-कारंज्यांपुरता समजतं, कुणी सरळ वारसा समितीच म्हणतं. दोन्ही चूक.

बांधकाम प्रस्तावाची फाइल टेबलावर कशामुळे येते, ते आधी पाहा. समितीकडे ती यादीमुळे येते. वास्तू किंवा परिसर वारसा यादीत असला, तर दुरुस्तीलाच काय, रंगकामालाही परवानगी लागते. आयोगाला यादी लागत नाही. संसदेच्या १९७३च्या कायद्याचं कलम ११ जागा आणि कामांचे प्रकारच सांगतं: कॅनॉट प्लेस, सेंट्रल व्हिस्टा, ल्युटेन्सने आखलेल्या नवी दिल्लीतला बंगला परिसर, जामा मशीद, लाल किल्ला, हुमायूनची कबर यांच्या आसपासचा पुनर्विकास, शिवाय जिल्हा केंद्रं (शहराच्या एकेका भागासाठीची मोठी व्यापारी-कार्यालयीन संकुलं), सरकारी कार्यालयांच्या जागा, उड्डाणपूल, भुयारी मार्ग, होर्डिंग, पाण्याचे टॉवर, दळणवळणाचे मनोरे. म्हणजे कोऱ्या भूखंडावर जिल्हा केंद्र उभं राहणार असेल आणि तिथे जपण्यासारखी एक वीटही नसेल, तरी फाइल आयोगाकडे जाते. समिती विचारते, जुन्यातलं काय राखलं? आयोग विचारतो, नवं बांधाल ते शेजाऱ्यांत आणि रस्त्यावरून कसं दिसेल?

काही फायलींना दोन्ही दारं लागतात. नव्या संसद भवनाला आयोगाची मंजुरी जुलै २०२० मध्ये मिळाली होती. तरीही ५ जानेवारी २०२१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की, काम सुरू करण्याआधी वारसा समितीची परवानगी घ्यावीच लागेल. एका संस्थेचा होकार दुसरीला लागू होत नाही.

‘आयोग नुसता सल्ला देतो’ हे वाक्य तर आता थांबायला हवं. केंद्र सरकारला तो सल्ला देतो, हे खरं. पण कलम १२ प्रमाणे अशा प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेने तो आयोगाकडे पाठवायचा असतो आणि आयोगाचा निर्णय तिच्यावर बंधनकारक असतो. मुंबईत आयुक्त अपवादात्मक परिस्थितीत, लेखी कारणं देऊन, हेरिटेज कमिटीची शिफारस डावलू शकतात. ती सवय इथे चालत नाही.

आयोगाकडे प्रस्ताव दोन टप्प्यांत जातो. पहिल्या टप्प्यात प्रकल्पाची संकल्पना वास्तुविशारद स्वतः थेट पाठवू शकतो. औपचारिक मंजुरीसाठी फाइल स्थानिक संस्थेमार्फतच येते. पहिला टप्पा पार पडला म्हणून पाया खणायला घेऊ नये. चित्रं पाठवताना हिरवळीवर एकटी उभी असलेली चकचकीत इमारत दाखवणं ही सर्वांत वाईट खोड. आजूबाजूच्या खऱ्या इमारती आणि रस्ता त्रिमितीय दृश्यात हवेतच. दर्शनी भिंतीवरचे सांडपाण्याचे पाइप, एसीची बाहेरची युनिट्स, गच्चीवरच्या टाक्या यांना आडोसा कसा देणार, तेही नकाशावर दाखवा. आयोगाचे शेरे वारंवार याच गोष्टींवर येतात, आणि एवढ्यासाठी परत आलेली फाइल पुन्हा पुढच्या बैठकीची वाट पाहते.