पलाऊची भाषा कोणती? पलाउअन आणि सोन्सोरोली

पलाऊ हा पॅसिफिक महासागरातला छोटा बेटांचा देश. त्याचं नाव घेतलं की बहुतेक ठिकाणी एकच भाषा सांगितली जाते, पलाउअन. देशातल्या सोन्सोरोल बेटांवरच्या सोन्सोरोलीचं नाव आलंच, तर पलाउअनची बोली म्हणून येतं. हे साफ चूक आहे. दोघींची स्वतःची नावं शेजारी ठेवून बघा: ‘तेकोय एर आ बेलाऊ’ आणि ‘रामारी दोंगोसारो’. ‘भाषा’ या साध्या शब्दालासुद्धा मेळ नाही: एकीत ‘तेकोय’, दुसरीत ‘रामारी’. पलाऊच्याच टोबी बेटावरचे लोक मात्र आपल्या भाषेला ‘रामारी हातोहोबेई’ म्हणतात. नातं कुठे आहे, ते इथेच दिसतं.

सोन्सोरोली आणि टोबी या ‘चूक’ (Chuuk) नावाच्या बेटांवरच्या भाषेच्या बहिणी, आणि ती बेटं आहेत तिथून दोन हजार किलोमीटरहून लांब. भाषाशास्त्रात ज्यांना मायक्रोनेशियन म्हणतात, त्या घरातल्या या दोघी. पलाउअन फक्त नकाशावर मायक्रोनेशिया या बेटांच्या प्रदेशात आहे. तिचं घराणं वेगळं. जपानी राजवटीने तिच्यात कितीतरी शब्द सोडले. मला त्यातला ‘त्सुकारेनाओस’ फार आवडतो: मूळ जपानी अर्थ थकवा घालवणं, पलाऊत बिअर पिणं.

दर्जाचा घोळ आणखी वेगळा. राष्ट्रभाषा आणि राजभाषा यांची गल्लत आपल्याकडेही रोज होते. 1981 पासून लागू असलेल्या पलाऊच्या राज्यघटनेत राजभाषा दोन आहेत, पलाउअन आणि इंग्रजी. राष्ट्रभाषा मात्र ‘पलाऊच्या पारंपरिक भाषा’, आणि हे अनेकवचन मला मोलाचं वाटतं, कारण सोन्सोरोली आणि टोबीला देशाच्या पातळीवर जागा मिळते ती त्यातच. देशातल्या सोन्सोरोल राज्याच्या पातळीवर सोन्सोरोलीला इंग्रजीच्या जोडीने राजभाषेचा मान आहे.

पण ती बोलणारी माणसं आता त्या बेटांवर फारशी राहत नाहीत. देशाची वस्ती जेमतेम अठरा हजार, सोन्सोरोली बोलणारे काहीशेच. सोन्सोरोल देशातल्या सर्वात मोठ्या शहरापासून, कोरोरपासून, तीनशे किलोमीटरहून दूर, टोबी सुमारे सहाशे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वादळानंतर तिथली कुटुंबं कोरोरजवळच्या एचांग वस्तीत येऊन राहिली. तिथे घरात रामारी, आणि दुकानात, शाळेत, कचेरीत पलाउअन किंवा इंग्रजी. सोन्सोरोलची आणि टोबीची घरं शेजारी शेजारी आल्यामुळे या दोन भाषाही एकमेकींत मिसळत चालल्या आहेत, आणि एचांगमध्ये वाढलेलं मूल जी रामारी बोलतं, ती आजीच्या बेटावरची तंतोतंत राहिलेली नाही.