डास पळवतं ते वितळलेलं मेण

सिट्रोनेला या सुगंधी गवताचं तेल घातलेली मेणबत्ती लावली की तिच्या ज्योतीने किंवा धुराने डास पळतात, असं बहुतेकांना वाटतं. पण ज्योतीपर्यंत पोचलेलं तेल आपल्या उपयोगाचं राहतच नाही. ते मेणाबरोबर वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते, ती जळते आणि उरतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. डासांना नकोसा वास सुटतो तो वातीभोवती साचलेल्या वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून. तिथलं तेल जळत नाही, तापून हळूहळू उडत राहतं. म्हणून उंच, सडपातळ मेणबत्ती कितीही देखणी दिसली तरी या कामाला ती कमी पडते. तिचं तळं असतं जेमतेम नाण्याएवढं.

चावते ती डासाची मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागतं. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, त्वचेवरच्या लॅक्टिक आम्लासारख्या पदार्थांचा वास आणि जवळ आल्यावर अंगाची ऊब, यांचा माग काढत ती पोचते. सिट्रोनेला हे गवती चहाच्या जवळच्या नात्यातलं गवत. त्याच्या तेलातले सिट्रोनेलाल, जेरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल हे रेणू तिच्या शृंगिकांना, म्हणजे डोक्यावरच्या वास टिपणाऱ्या मिशांना, पुरेशा प्रमाणात जाणवले, तर ती तिथून वळते. यातला ‘पुरेशा’ हा शब्द महत्त्वाचा, आणि उघड्यावर नेमकं तेच जमवणं अवघड असतं.

म्हणून भांडं रुंद घ्यावं. दहा सेंटीमीटर व्यासाच्या पत्र्याच्या डब्यात तीन सुती वाती त्रिकोणात उभ्या केल्या, तर तळी एकमेकांना मिळून जवळजवळ सगळा पृष्ठभाग वितळतो. मेण थेट आचेवर ठेवू नये. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून त्यात ते वितळवावं. मधमाश्यांचं मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, सोयाचं त्याच्या बरंच आधी. आच बंद करून मेण थोडं निवू द्यावं आणि ओतण्याच्या अगदी आधी तेल मिसळावं, 100 ग्रॅम मेणाला साधारण 5 ग्रॅम. फार गरम मेणात घातलं तर तेल भांड्यातच उडून जातं. शोभेसाठी वाळलेली पानं किंवा काड्या मात्र खोचू नयेत. मेण शोषून त्या स्वतःच वाती होतात आणि एकदम भडका उडतो. तसं झालं तर वर झाकण टाकावं. पाणी अजिबात ओतू नये. तापलेल्या मेणात त्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण चहूकडे उडतं.

एवढं करून डास किती कमी होतात? 1996 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका प्रयोगात 3 टक्के सिट्रोनेलाच्या मेणबत्त्यांनी चावे सुमारे 42 टक्क्यांनी घटले. पण साध्या मेणबत्त्यांनीही ते सुमारे 23 टक्क्यांनी घटले होते! 2017 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात तर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासांवर सिट्रोनेला मेणबत्तीचा काहीच परिणाम दिसला नाही. मला यात विसंगती वाटत नाही. वाऱ्याची एक झुळूक आली की उडालेलं तेल विरतं आणि कुठल्या कुठे जातं.

त्यामुळे मेणबत्ती टेबलाच्या मधोमध ठेवण्यापेक्षा वारा येतो त्या बाजूला, बसलेल्यांच्या जवळ आणि खाली ठेवावी, कारण घोट्यांना डास फार चावतात. एकीपेक्षा तीन-चार बऱ्या. जोडीला पायांशी पंखा लावावा. डास उडण्यात दुबळे असतात आणि पंख्याच्या वाऱ्याने आपल्या श्वासाचा मागही पुसला जातो. डेंग्यू-मलेरियाची साथ असेल तिथे मात्र मेणबत्तीच्या भरवशावर बसू नये, अंगाला डीट किंवा पिकॅरिडिन हे डास पळवणारं रसायन असलेलं मलम लावावंच.

पहिल्यांदा लावाल तेव्हा मेण कडेपर्यंत वितळेस्तोवर विझवू नका, नाहीतर पुढच्या वेळीही वातीभोवती खड्डाच पडत जातो. विझवून मेण गार झालं की डब्याला घट्ट झाकण लावा. न पेटवताही तेल थोडं थोडं उडतच असतं.