छातीतली धडधड: पॅनिक विकाराच्या निदानामागचा इतिहास

एकाएकी छातीत धडधडू लागते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात आणि आता आपण वाचत नाही, अशी खात्रीच होते. ईसीजी मात्र निर्दोष निघतो. असे झटके वारंवार येणाऱ्या आणि पुढच्या झटक्याच्या धास्तीत जगणाऱ्या रुग्णाच्या आजाराला आज पॅनिक विकार म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात हे स्वतंत्र निदान आले ते १९८० साली. तोवर शंभरेक वर्षे ही तक्रार हृदयाची की मनाची, यावर वैद्यकाचे एकमत नव्हते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात जेकब दा कोस्टा या डॉक्टरांकडे धडधड, छातीतली कळ आणि धाप यांमुळे रणांगणावर निरुपयोगी ठरलेले सैनिक येत. अशा सुमारे ३०० रुग्णांच्या अनुभवावरून त्यांनी १८७१ मध्ये ‘चिडखोर हृदया’चे वर्णन प्रसिद्ध केले. हृदयाच्या रचनेत दोष सापडत नव्हता, म्हणून अतिश्रम, ताप आणि जुलाब यांना कारण मानून विश्रांती आणि डिजिटॅलिस हे हृदयावरचे औषध यांचा उपचार होत असे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ थॉमस लुइस यांनी याच तक्रारींना श्रमाशी जोडलेले नवे नाव दिले आणि विश्रांतीऐवजी टप्प्याटप्प्याने व्यायाम सुरू केला. मूळ भावनिक आहे, हे हृदयरोगतज्ज्ञांपैकीच पॉल वूड यांनी १९४१ मध्ये ठामपणे मांडले.

दरम्यान व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ मध्येच चिंतेचा विकार मज्जादौर्बल्यापासून (सततच्या थकव्याला आणि अशक्तपणाला तेव्हा दिले जाणारे निदान) वेगळा काढला होता. त्यांनी सांगितलेले लैंगिक कारण टिकले नाही. झटक्यांचे वर्णन मात्र आजही कोणत्याही डॉक्टरला ओळखता येईल इतके नेमके आहे.

निदानाला खरे वळण मिळाले ते एका औषधामुळे. न्यूयॉर्कमधील हिलसाइड रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन हे १९६० च्या सुमारास इमिप्रॅमिन हे नैराश्यावरचे औषध चिंताग्रस्त रुग्णांना देऊन पाहत होते. काही आठवड्यांनंतरही रुग्ण ‘फरक नाही’ म्हणत. परंतु ‘मी मरतोय’ म्हणत दिवसातून अनेकदा परिचारिकांकडे धाव घेणे थांबले आहे, हे कर्मचाऱ्यांच्या ध्यानात आले. झटके थांबले होते, झटका येईल ही धास्ती उरली होती. एकच औषध एका त्रासावर चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही, तर ते दोन त्रास वेगळे असले पाहिजेत, असा निष्कर्ष क्लाइन यांनी काढला, आणि १९८० मध्ये पॅनिक विकार आणि सार्वत्रिक चिंताविकार (झटक्यांशिवायची, सतत मनात राहणारी काळजी) वेगळे झाले ते मुख्यतः याच विचारावर. औषधाच्या गुणावरून आजार ठरवणे तर्काच्या दृष्टीने फारसे भक्कम नाही (ॲस्पिरिनने उतरणारे सगळे ताप एक नसतात), तरी या बाबतीत ते फलदायी ठरले, हे मान्य करावे लागते.

१९६० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून आलेली लिब्रियम (१९६०) आणि व्हॅलियम (१९६३) ही चिंता शमवणारी औषधे घरोघरी पोचली. त्यांनी तासाभरात आराम पडतो, पण सवयही लागते; म्हणूनच भारतात अल्प्राझोलामसारख्या त्याच प्रकारच्या गोळ्या एच-१ अनुसूचीत (चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत) असून दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवावी लागते. दीर्घ उपचारासाठी आता एसएसआरआय या नैराश्यावरच्या गटातील औषधांना पसंती आहे.

कारणांबद्दलची समजही बदलली. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के दिसतो. बाकी वाटा आयुष्यातले आघात, ताण आणि भीती शिकली जाण्याची प्रक्रिया यांचा. १९८६ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी झटक्यामागचे चक्र मांडले: धडधड जाणवते, तिचा अर्थ ‘हा हार्ट अटॅक’ असा लावला जातो, त्या विचाराने भीती वाढते आणि भीतीने धडधड आणखी वाढते. याच मांडणीवर बेतलेल्या बोधात्मक वर्तन उपचारात (विचार आणि वागण्याची पद्धत बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारात) रुग्णाला कधीकधी समोर बसवून मुद्दाम भरभर श्वास घ्यायला सांगतात. दीडेक मिनिटात त्याच मुंग्या, तीच घेरी, तीच छातीतली ओढ येते आणि श्वास संथ झाला की ओसरते. ज्या लक्षणांसाठी दा कोस्टा डिजिटॅलिस देत, त्यांतली बरीचशी रुग्ण आता खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःच आणून दाखवतो.