वाचलेला शब्द आपला कधी होतो?

‘३० दिवसांत १००० प्रगत इंग्रजी शब्द’ अशी हमी देणारी अ‍ॅप आणि चित्रफिती सध्या उदंड झाल्या आहेत, आणि परीक्षांची तयारी करणारी हुशार मुले त्यांच्यावर कितीतरी तास खर्च करताना दिसतात. या हमीच्या मुळाशी एक समजूत आहे: शब्द आणि त्याचा अर्थ ही जोडी एकदा पाठ झाली, की तो शब्द आला. स्मृतीच्या अभ्यासातून गेल्या काही दशकांत जे चित्र पुढे आले आहे, ते याहून फार वेगळे आणि माझ्या मते कितीतरी अधिक सुंदर आहे. रोजच्या वाचनात, म्हणजे बातमीत, कादंबरीत किंवा एखाद्या लेखात भेटलेला अनोळखी शब्द मेंदूत कायमचा वस्तीला कसा येतो, हे समजले तर शब्दसंपत्ती वाढवण्याचे आपले प्रयत्नही नीट दिशेने होऊ शकतात.

प्रगत म्हणवले जाणारे शब्द वाचनात किती विरळ असतात, हे आधी पाहायला हवे. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात हेन्री कुचेरा आणि नेल्सन फ्रान्सिस यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मजकुरातून सुमारे १० लाख शब्दांचा संग्रह सिद्ध केला. त्यात ‘द’ हा एकटा शब्द सुमारे ७ टक्के जागा व्यापतो आणि दुसऱ्या क्रमांकावरील ‘ऑफ’ त्याच्या साधारण निम्मी. वापराच्या क्रमाने शब्द मांडले, तर प्रत्येकाची वारंवारता त्याच्या क्रमांकाच्या व्यस्त प्रमाणात घटत जाते, हा नियम जॉर्ज किंग्सले झिफ या अभ्यासकाच्या नावाने ओळखला जातो. त्याच संग्रहात सुमारे ५० हजार वेगवेगळे शब्द आहेत, आणि त्यांतले जवळपास निम्मे संपूर्ण संग्रहात फक्त एकदाच येतात.

याचा अर्थ वाचकाच्या बाजूने हिशोब मांडला की कळतो. १० लाख शब्दांत सरासरी एकदा येणारा एखादा शब्द घेऊ. मिनिटाला २०० शब्द या गतीने रोज अर्धा तास इंग्रजी वाचणारा माणूस दिवसाला ६००० शब्द वाचतो. १० लाख शब्द वाचून व्हायला त्याला सुमारे १६७ दिवस, म्हणजे साडेपाच महिने लागतात. तो शब्द आज भेटला, तर पुन्हा भेटायला सरासरी तेवढा काळ जाणार. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरगट स्वतः पाठ करून आणि ठरावीक काळाने पुन्हा पाठ करून, दुसऱ्या वेळी श्रमांची किती बचत होते, ते मोजले होते. १८८५ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार ही बचत एका दिवसाने सुमारे एकतृतीयांश आणि ३१ दिवसांनी सुमारे एकपंचमांश उरते. अर्थपूर्ण शब्द अर्थहीन अक्षरांपेक्षा अधिक टिकतात हे खरे, तरी साडेपाच महिन्यांची प्रतीक्षा त्यांनाही परवडणारी नाही.

एका भेटीत कितपत काम होते, याचेही मापन झाले आहे. स्वानबोर्न आणि दे ग्लोपर या डच संशोधकांनी १९९९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. सहज वाचताना भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी विद्यार्थी सरासरी सुमारे १५ टक्के शब्द काही प्रमाणात शिकतात, असे त्यांना आढळले. ‘काही प्रमाणात’ हे येथे महत्त्वाचे आहे, कारण शब्दाचे ज्ञान आहे किंवा नाही अशा दोनच अवस्थांत मोडत नाही. एखाद्या बातमीत सरकारचे बहुमत ‘प्रिकेरियस’ असल्याचे वाचले, तर वाचक ‘थोडके’ असा अंदाज करतो. पुढे एका प्रवासवर्णनात कड्याच्या अरुंद कडेवर उभ्या असलेल्या गिर्यारोहकाची अवस्था ‘प्रिकेरियस’ असते आणि ‘थोडके’ हा अर्थ गळून पडतो. आणखी काही आठवड्यांनी हंगामी कामगाराच्या उपजीविकेला तेच विशेषण लागते. तेव्हा या तिन्हींत समान असलेली गोष्ट, म्हणजे कोणत्याही क्षणी आधार सुटू शकेल अशी स्थिती, हळूहळू स्पष्ट होते. प्रत्येक संदर्भ चुकीच्या अर्थांची एकेक शक्यता छाटत जातो.

मात्र संदर्भ नेहमीच मदत करतो असे नाही. इसाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली दाखवले, की सर्वसाधारण कथांमध्ये काही संदर्भ अर्थाकडे नेतात, काही नुसतीच अंधुक दिशा देतात, काही काहीच सांगत नाहीत आणि काही तर चक्क भलतीकडे नेतात. एखाद्या गुन्ह्याच्या ‘एनॉर्मिटी’बद्दल वाचणाऱ्याला तो शब्द गुन्ह्याच्या आकाराविषयी वाटतो, आणि वाक्यही त्या अंदाजाने बिनतक्रार पुढे सरकते. प्रत्यक्षात तो शब्द, निदान प्रमाण लेखनात, त्या कृत्याच्या भयंकर दुष्टपणाविषयी असतो. म्हणून आधी अंदाज करावा आणि मग शब्दकोशात तो जरूर पडताळावा. ‘संदर्भावरून कळते, कोश कशाला?’ हा सल्ला अर्धवट आहे.

आता ज्या भागाने मला सर्वांत अधिक गुंतवून ठेवले आहे, त्याकडे वळतो. नवा शब्द स्वीकारताना मेंदूपुढे एक खरी अडचण असते. आपल्या मनातील शब्दांचे ज्ञान हे कोट्यवधी मज्जापेशींमधील जोडण्यांच्या बलात विखुरलेले असते, आणि त्याच जोडण्या अनेक शब्दांसाठी सामाईक असतात. नव्या शब्दासाठी त्या एकदम बदलल्या, तर जुने शब्द बिघडण्याचा धोका निर्माण होतो. ही भीती काल्पनिक नाही. १९८९ साली मक्लॉस्की आणि कोहेन यांनी संगणकावरील कृत्रिम मज्जाजालाला आधी १ मिळवण्याच्या बेरजा शिकवल्या आणि नंतर फक्त २ मिळवण्याच्या. नव्या बेरजा शिकता शिकता ते जाल जुन्या बेरजा झपाट्याने विसरून गेले.

मेंदू असा विसरत नाही, त्याअर्थी त्याच्याकडे काहीतरी तोड असली पाहिजे. १९९५ साली मक्लेलंड, मक्नॉटन आणि ओ’रायली यांनी ती तोड अशी मांडली, की मेंदूत शिकण्याच्या परस्परपूरक दोन यंत्रणा आहेत. मेंदूच्या आत, कानशिलाच्या बाजूला खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग एकाच अनुभवातून झटपट शिकतो आणि ती नोंद जुन्या ज्ञानापासून वेगळी ठेवतो. मेंदूचे बाह्यावरण मात्र अत्यंत सावकाश शिकते. हिप्पोकॅम्पस त्याच्यापुढे नवी नोंद पुन्हा पुन्हा, जुन्या ज्ञानाच्या अधूनमधून मांडतो, आणि प्रत्येक वेळी जोडण्या किंचितच बदलत गेल्यामुळे जुने न मोडता नवे सामावले जाते. अपस्मारावरील उपचार म्हणून १९५३ साली शस्त्रक्रियेने दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढलेल्या हेन्री मोलेझन यांची भाषा शाबूत राहिली, परंतु त्यानंतरच्या काळात इंग्रजीत रूढ झालेले शब्द ते जवळजवळ शिकूच शकले नाहीत. जुने शब्द बाह्यावरणात सुरक्षित होते, नव्यांना तिथवर नेणारी वाट उरली नव्हती.

पण एखादा शब्द हिप्पोकॅम्पसमधील नोंद या पायरीवर आहे की शब्दजालात, म्हणजे परिचित शब्दांच्या परस्पर जोडलेल्या जाळ्यात, सामील झाला आहे, हे बाहेरून ओळखायचे कसे? येथे इंग्लंडमधील गॅरेथ गॅस्केल आणि त्यांचे सहकारी निकोला ड्युमे यांनी योजलेली युक्ती मला अप्रतिम वाटते. आपण ऐकत असताना शब्द पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. सुरुवातीचे ध्वनी कानी पडताच तशी सुरुवात असलेले सर्व परिचित शब्द मनात जागे होतात, त्यांच्यात स्पर्धा लागते आणि पुढच्या ध्वनींनी एकेक बाद होत जातो. स्पर्धक जितके अधिक, तितका निर्णयाला वेळ जास्त. त्यांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांना ‘कॅथीड्रूक’ यासारखे बनावट शब्द शिकवले, जे ‘कॅथीड्रल’सारख्या खऱ्या शब्दाशी शेवटच्या टप्प्यापर्यंत जुळतात. नवा शब्द खरोखर शब्दजालात शिरला असेल, तर तो या स्पर्धेत उतरेल आणि ‘कॅथीड्रल’ ओळखायला क्षणभर उशीर होईल. म्हणजे नवा शब्द किती आपला झाला, हे त्याच्या जुन्या शेजाऱ्याच्या ओळखीला लागणाऱ्या विलंबावरून मोजायचे.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात एका गटाने हे शब्द सकाळी शिकले आणि दुसऱ्याने रात्री. शिकल्याबरोबर दोन्ही गट नवे शब्द उत्तम ओळखत होते, परंतु स्पर्धेचा मागमूस नव्हता. बारा तासांनी, मध्ये झोप झालेल्या रात्रीच्या गटात स्पर्धा दिसू लागली. सकाळच्या गटाने तेवढेच बारा तास जागेपणी घालवले होते आणि त्यांच्यात ती दिसली नाही. पुढची रात्र उलटल्यावर मात्र त्यांच्यातही ती आली. पुढे २०१० साली याक्के टामिनेन आणि सहकाऱ्यांना असेही आढळले, की रात्रभरात हे सामीलीकरण किती होते, याचा संबंध झोपेतील ‘स्लीप स्पिंडल’ नावाच्या मेंदूलहरींच्या झटक्यांशी आहे. हे झटके अर्धा ते दोन सेकंद टिकतात आणि त्यांत सेकंदाला साधारण १२ ते १५ आंदोलने असतात.

वाचनापुरते बोलायचे, तर जेफ्री बावर्स आणि सहकाऱ्यांनी २००५ साली लिखित शब्दांवर असाच प्रयोग केला. ‘बनारा’ हा बनावट शब्द शिकलेल्यांना ‘बनाना’ वाचून त्याचे वर्गीकरण करायला अधिक वेळ लागू लागला, आणि हा परिणाम दुसऱ्या दिवशी अधिक ठळक होता. झोपच अपरिहार्य आहे असेही नाही. लिंडसे आणि गॅस्केल यांनी २०१३ साली दाखवले, की नव्या शब्दांचा परिचय दिवसभरात विखुरून आणि जुन्या परिचित शब्दांत मिसळून दिला, तर त्याच दिवशीही स्पर्धा उद्भवू शकते. मला हा निष्कर्ष वरील सिद्धान्ताला पूरक वाटतो, कारण जुन्यानव्याची सरमिसळ हेच तर त्या संथ शिक्षणाचे मर्म आहे.

झोपेचे हे महत्त्व वाचून कोणी ‘झोपेत इंग्रजी ऐका आणि शिका’ अशा ध्वनिफितींच्या नादी लागू नये. १९५० च्या दशकात सायमन आणि एमन्स यांनी मेंदूलहरींची नोंद करत झोपलेल्यांना माहिती ऐकवली, आणि माणूस खरोखर झोपेत असेल तेव्हा ऐकवलेले त्याला नंतर आठवत नाही, असे त्यांना आढळले. जे शिकायचे त्याची पहिली नोंद जागेपणी आणि लक्षपूर्वकच व्हावी लागते.

रोजच्या वाचनाला हे सारे लावले, तर एका बैठकीत शंभर शब्द पाठ करणे का वाया जाते, ते कळते. दिवसाला चारपाच शब्द, ज्या वाक्यात भेटले त्या वाक्यासकट वहीत उतरवावेत. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने अर्थ झाकून ते आठवून पाहावेत. नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याचा प्रयत्न केला तर शिकलेले दीर्घकाळ अधिक टिकते, हे रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगांनी स्पष्ट केले आहे. वाचनाचा मजकूरही पेलणारा हवा. शब्दकोशाविना नीट समजण्यासाठी मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, आणि न्यूझीलंडमधील पॉल नेशन यांच्या २००६ सालच्या हिशोबाप्रमाणे त्यासाठी इंग्रजीची आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे (मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे मिळून एक कुटुंब) लागतात. ३०० शब्दांच्या पानावर सहापेक्षा फार अधिक शब्द अडत असतील, तर ते पुस्तक थोडे पुढे ढकलणे बरे.

साडेपाच महिन्यांच्या त्या अंतरावरही एक नैसर्गिक उपाय आहे. दुर्मीळ शब्द मजकुरात समान अंतराने पसरलेले नसतात. एखाद्या लेखात असा शब्द एकदा आला, की त्याच लेखात किंवा त्याच विषयाच्या पुढच्या लेखात तो पुन्हा येण्याची शक्यता सरासरीहून कितीतरी पटींनी वाढते. म्हणून काही आठवडे एकाच विषयावर, एखादी चालू घडामोड किंवा एखादे शास्त्र धरून, वेगवेगळ्या लेखकांचे वाचन केले, तर तोच शब्द आठवड्यात तीनचारदा आणि दर वेळी निराळ्या वाक्यात भेटतो. अशा भेटींतून अर्थाच्या बरोबरीने त्याची सोबतही कळते: ‘प्रिकेरियस’ हे विशेषण ‘पोझिशन’, ‘बॅलन्स’ आणि ‘एग्झिस्टन्स’ यांना सहज लागते, पण डळमळणाऱ्या दाताला कोणी लावत नाही. पाठांतराच्या यादीत ही माहिती नसते, आणि लिहिताना नेमकी तीच हवी असते.