तळ्याकाठचा मुक्काम, रानवाट आणि गळ : सहलीला येण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

नमस्कार मंडळी,

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या डोंगरपट्ट्यात आणि पलीकडे जोयडा-दांडेलीच्या बाजूला आम्ही छोट्या सहली नेतो. दोन-तीन दिवस डोंगरात चालायचं, जलाशयाच्या बाजूला तंबूत राहायचं आणि ज्यांना आवड आहे त्यांनी गळ टाकून बसायचं. बुकिंगसाठी फोन करणारे बहुतेक जण एक प्रश्न हमखास विचारतात: "जागा तर सरकारी आहे, मग तंबू कुठंही मारला तर काय झालं?" त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून हे पत्रक काढलं आहे. पैसे भरण्याआधी घरातल्या, गटातल्या सगळ्यांनी वाचावं.

जागा कुणाची, पाणी कुणाचं

आपल्या डोंगरातलं मोठं पाणी बहुतेक बांधलेलं आहे, धरणाचं नाहीतर जुन्या तलावाचं. काठावर उभं राहिलं की पाणी, गवत, झाडी सगळं एकच दिसतं. कागदावर तसं नसतं. धरण आणि बुडीत जमीन पाटबंधारे खात्याकडे, वरची झाडी वनखात्याकडे, मासे धरायचा हक्क बऱ्याच ठिकाणी ठेका घेतलेल्या मच्छीमार सोसायटीकडे, आणि झाडीला लागून असलेली भाताची खाचरं, काजूची बाग कुणाच्या तरी मालकीची. या चौघांपैकी एकानं हो म्हटलं म्हणून बाकीच्या तिघांचा होकार धरता येत नाही. ग्रामपंचायतीतल्या ओळखीच्या माणसानं "या, खुशाल राहा" म्हटलं तरी जंगलातल्या मुक्कामाला ती परवानगी होत नाही.

राखीव जंगलाला कर्नाटकचा १९६३ चा वन कायदा लागू आहे. परवानगीशिवाय आत शिरणं आणि आग पेटवणं हे तिथं गुन्हे आहेत. अभयारण्यात त्यावर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येतो. आत जायला परवाना लागतो, हत्यार नेता येत नाही, प्राण्यांना त्रास देणं आणि कचरा टाकणंसुद्धा कायद्यानं मना आहे. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. लोक भीमगडच्या किल्ल्याचं नाव ऐकून फोन करतात आणि वर तंबू टाकायचा आग्रह धरतात. तो आम्ही मान्य करत नाही. अभयारण्यात रात्र काढायची तर वनखात्यानं नेमून दिलेल्या ठिकाणीच.

भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांबद्दलही खूप विचारणा होते. तिथल्या वटवाघळाची जात १९१३ साली शास्त्रज्ञांनी नोंदवली, आणि कितीतरी वर्षं जगात ती फक्त याच गुहांत आहे असं मानलं जात होतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही ती सापडली, तरी आपल्याकडची ही वस्ती फार मोलाची आहे. टॉर्च, आवाज, धूर यांनी वटवाघळं बिथरतात, पिलं पडतात. गुहेची सहल आम्ही करत नाही आणि दुसऱ्या कुणी नेतो म्हटलं तरी जाऊ नका, ही विनंती.

दांडेलीकडचं काळी व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र अजून कडक. तिथं वनखात्याच्या सफारीतून जायचं. काही ट्रेकच्या वाटांसाठी वनखात्याचं 'अरण्य विहार' संकेतस्थळ २०२४ पासून सुरू आहे. तुमची वाट त्यात बसत असेल तर तिथलं बुकिंग आम्ही तुमच्या नावानं करून देतो. चोर्ल्याच्या बाजूला कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्राच्या हद्दी जवळजवळ येतात. चालता चालता ओढा ओलांडला की खातं बदलतं आणि इथला परवाना तिथं चालत नाही. म्हणून आमचा वाटाड्या "इथून पुढं नाही" म्हणाला की तिथंच थांबायचं. फलक कन्नडमध्ये असतात, वाचता येत नसेल तर त्याला विचारा. फलक समजला नाही, हे कारण गार्डापुढे टिकत नाही.

राकसकोप जलाशयाबद्दल एकदाच आणि स्पष्ट: ते मार्कंडेय नदीचं पाणी बेळगाव शहराच्या नळांना जातं. तिथं मुक्काम नाही, पोहणं नाही, मासेमारी नाही.

मग आम्ही तंबू कुठं लावतो? जंगलाला लागून असलेल्या शेतकऱ्यांच्या मालकीच्या रानात. त्यांच्याशी आमचा लेखी करार आहे, भाडं त्यांना रोख मिळतं आणि जेवण त्यांच्याच घरात होतं: भाकरी, झुणका, नाचणीची आंबील, हंगाम असेल तर फणसाची भाजी. तुम्हाला पाणी समोर दिसतं, जंगल पाठीशी असतं, आणि रात्री कुणी येऊन उठवेल अशी भीती नसते. दिवसा परवाना घेऊन वाटाड्याबरोबर रानात जायचं, दिवे लागायच्या आधी परत यायचं.

गळ टाकायचा असेल तर

जिथं सोसायटीची संमती आहे आणि मत्स्य खात्याचा परवाना निघतो तिथंच आम्ही बसवतो. परवान्याचे पैसे वेगळे, पावती तुमच्या हातात. अभयारण्यातल्या ओढ्या-डोहांत मासे धरणं पूर्ण बंद, हौसेखातरसुद्धा. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासूनच बंदी आहे, आणि गेळफळं ठेचून डोहात टाकायची जुनी रीतही त्यातच येते. गावातल्या कुणी ती दाखवायची तयारी दाखवली तरी नको म्हणा. डोहातलं लहानमोठं सगळंच त्यात मरतं.

जून-जुलैत आम्ही मासेमारीची सहल घेत नाही. पहिल्या पावसात ओढे भरले की मासे जलाशयातून वर, ओढ्यात, अगदी भाताच्या खाचरात अंडी घालायला चढतात. चढणीचे मासे धरायची मजा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी घेतली आहे. पण पोटात अंडी असलेली एक मादी धरली की पुढच्या वर्षीचे हजारो मासे गेले. आता धरणांनी नद्या तुटल्या आहेत, चढायला वाटाच कमी उरल्या आहेत, त्यामुळे या दोन महिन्यांत माशांना मोकळं सोडणं आम्हाला फार गरजेचं वाटतं.

जलाशयात सोडलेले कटला, रोहू, मृगळ मिळतात, चिलापी तर हवी तेवढी. काठाच्या गवतात मरळ असते, खोल पाण्यात शिंगाळा, दगडांच्या फटीत वाम. हे मासे ठरलेल्या मापाचे असतील तर घरी नेता येतात किंवा मुक्कामावर शिजवून मिळतात. खडस, म्हणजे महसीर, गळाला लागला तर तो सोडायचा. याला अपवाद नाही.

सोडायचा तर तो जगला पाहिजे, आणि ते हाताळण्यावर ठरतं. बसायच्या आधी गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करा. आमचा माणूस करून दाखवेल. काटा सपाट असला की तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ताणलेला ठेवावा लागतो, सैल सोडला तर मासा सुटतो, पण गळ काढताना जबडा फाटत नाही. मासा दमवून काठाशी आणला की आधी दोन्ही हात पाण्यात बुडवून ओले करा. कोरड्या हातानं धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं बुरशी धरते. कल्ल्यात बोट घालून उभा लटकवू नका, एक हात पोटाखाली, दुसरा शेपटीपाशी. फोटो काढणाऱ्यानं मोबाइल तयार ठेवावा, मासा एकदाच आणि क्षणभर पाण्याबाहेर येईल. गळ घशात खोल गेला असेल तर ओढू नका, तंगूस जवळून कापा. सोडताना पाण्यातच सरळ धरून ठेवा, त्यानं शेपूट मारली की हात काढा. तुटलेला तंगूस खिशात घालून परत आणायचा. काठावर पडलेल्या तंगुसात बगळे आणि पाणकावळे अडकतात.

आमिषाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा. जिवंत मासळी बाहेरून आणू नका, आणि घरच्या काचपेटीतले मासे इथं सोडायचा विचार तर मुळीच नको.

गोचीड आणि माकडताप

हा भाग कृपा करून नीट वाचा. आपल्याकडे फिरायला चांगला काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आणि माकडतापाचा काळ साधारण डिसेंबर ते मे. दोन्ही एकमेकांवर येतात. हा आजार १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. पुढे गोव्याच्या सत्तरीत, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आणि बेळगाव जिल्ह्यातही रुग्ण सापडले. विषाणू गोचिडीतून येतो. माणसाला चावते ती बहुतेक वेळा गोचिडीची तिळाएवढी पिल्लं, त्यामुळे चावलेलं कळतही नाही.

म्हणून पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा शर्ट, लांब पँट, आणि पँटचं टोक मोज्यात खोचलेलं. वाळक्या पाल्यावर तसंच बसायचं नाही, सतरंजी आम्ही देतो. दुपारी आणि संध्याकाळी परतल्यावर काखा, जांघा, कमरपट्ट्याची जागा, कानामागं, केसांत तपासायचं, मुलांचं आईवडिलांनी तपासायचं. चिकटलेली गोचीड चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. रॉकेल, तंबाखू, काडी ओढून चटका असले उपाय नकोत. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, जागा लक्षात ठेवून वाटाड्याला सांगा, तो आरोग्य खात्याला आणि वनखात्याला कळवतो. घरी गेल्यावर आठ-दहा दिवसांत एकदम जोराचा ताप, डोकं आणि अंग मोडून आलं तर डॉक्टरांना आपणहून सांगा की आम्ही जंगलात गेलो होतो. शहरातल्या दवाखान्यात हे विचारलं जाईलच असं नाही.

जळवांचा त्रास पावसात. मीठ लावलं की सुटतात, त्यांना घाबरू नका.

जनावरं, आग, पाणी

गवा वाटेत उभा असेल तर थांबा, त्याला जाऊ द्या, बाजूनं घुसू नका. अस्वलाचं भय जास्त आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते वारुळांवर, करवंदीत, काजूच्या बागेत असतं, आणि अचानक समोर माणूस आला की अंगावर येतं. त्या वेळी आम्ही वाटेवर चालवत नाही, आणि एरवीही आपापसांत बोलत चाललेलं बरं. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, दगड, आरडाओरडा काहीही नको. साप चावला तर दोरी बांधणं, चिरा देणं नको. हात-पाय हलू न देता थेट दवाखाना, त्यासाठी मुक्कामावर गाडी उभीच असते.

शेकोटी फक्त शेतकऱ्याच्या अंगणात, आखलेल्या जागी. होळीच्या आसपास गवत आणि पडलेला बांबू इतका वाळलेला असतो की एका विडीनं डोंगर जातो. जंगलात विडी-सिगारेट, काडेपेटी, लायटर नाही. झडती घेणं आम्हाला आवडत नाही, पण निघताना या वस्तू आम्ही मागून घेतो.

जलाशयात पोहायला बंदी आहे आणि त्याची कारणं आहेत. पाणी उतरलं की काठावरचा गाळ वरून वाळून तडकतो आणि टणक दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत जातो. पाण्याखाली बुडालेल्या झाडांची खोडं आहेत. सुपा धरणाखाली गणेशगुडीकडे वीज निर्मितीसाठी पाणी सोडतात तेव्हा काळी नदी बघता बघता चढते, म्हणून पात्रातल्या खडकावर जाऊन बसणं टाळा. कणकुंबीला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यात अथणीकडे ५००-६०० मिलिमीटर. बेळगावात ऊन आहे म्हणून वर ओढा शांत असेल, असं धरू नका. पावसाळ्यात वनखातं धबधब्यांची वाट बंद करतं तेव्हा आम्हीही बंद ठेवतो.

शौचाला मुक्कामावर संडास आहे. रानात वेळ आली तर पाण्यापासून दीडशे पावलं दूर, वीतभर खड्डा, नंतर माती. खुरपं वाटाड्याकडे असतं. साबण, शाम्पू ओढ्यात नको, आयुर्वेदिक असला तरी नको. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते, देगावच्या बाजूला म्हादई. एक पूर्वेला कृष्णेकडे जाते, दुसरी पश्चिमेला गोव्यात. आपण इथं पाण्यात सोडलेलं काही दोन्हीकडच्या लोकांच्या घरी पोचतं.

दारू, स्पीकर, ड्रोन, फटाके आणि पाळीव कुत्री चालत नाहीत. वाटेत देवराई लागली तर चपला बाहेर, आणि आतली वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही.

पैसे आणि कागदपत्रं

वनखात्यानं वाट बंद केली, किंवा आम्ही पावसामुळे सहल थांबवली, तर पूर्ण पैसे परत. तुम्ही आदल्या दिवशी रद्द केलं तर परवान्याचे पैसे मिळत नाहीत कारण ते खात्यात भरलेले असतात, बाकीचे निम्मे परत करतो.

प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स दोन प्रती, दमा-हृदयविकार-मधुमेह असेल तर तसं लिहून, आणि घरच्या एकाचा फोन नंबर. मुक्कामाच्या पलीकडे बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. घरी सांगून ठेवा की फोन लागला नाही तर घाबरू नका. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, आणि जंगलात आग किंवा शिकार दिसली तर वनखात्याचा १९२६. हे तीन नंबर मोबाइलमध्ये घालून आणि कागदावरही लिहून आणा. कागदपत्रं सहलीच्या आठ दिवस आधी पोचली तरच परवाना वेळेवर निघतो.